आयत्या वेळी लग्नाला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न उद्यावर आलेलं असताना आमंत्रण मिळतं, कोणाच्या तरी सोबतीला म्हणून जावं लागतं, किंवा आधी ‘जमणार नाही’ कळवून झाल्यावर अचानक सुट्टी मिळते. तिन्ही वेळा पडणारे प्रश्न जवळपास सारखेच असतात. ते ज्या क्रमाने पडतात त्याच क्रमाने इथे घेतले आहेत: जावं की नाही, काय घालावं, काय द्यावं, तिथे कसं वागावं. हाताशी दोन-चार तासच असतील तर आधी कपड्यांचा भाग वाचा. बाकीचं वाटेत वाचता येईल.

जावं की नाही

इतक्या उशिरा बोलावलं, म्हणजे आम्ही भरतीचे पाहुणे का?

कदाचित हो, आणि त्यात कमीपणा काही नाही. कार्यालयाची क्षमता ठरलेली असते, जेवणाचा खर्च माणशी असतो, आणि यादी करताना दोन्ही घरांना नावं गाळावी लागतात. मग शेवटच्या आठवड्यात कोणी आजारी पडतं, कोणाची रजा नाकारली जाते, आणि चार जागा मोकळ्या होतात. त्या जागांवर बोलवायला यजमानांना तुमचं नाव सुचलं, एवढाच त्याचा अर्थ. जायचं असेल तर मोकळ्या मनाने जा. ‘बरं झालं, शेवटी आठवण तरी झाली’ हा टोमणा मात्र गमतीतही नको. आधीच अवघडून फोन केलेला माणूस त्यावर काय बोलणार?

आमंत्रण यजमानांचं नाही. मैत्रिणीने ‘चल की माझ्याबरोबर’ म्हटलंय. जाऊ का?

तिच्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ किंवा ‘सोबत एक’ असं काही लिहिलंय का, ते आधी पाहायला सांगा. नसेल तर तिने यजमानांपैकी कोणाला तरी विचारून घ्यायला हवं. तिनेच, तुम्ही नाही. अनोळखी माणसाने थेट विचारलं तर यजमानांना नकार देता येत नाही. मैत्रिणीने विचारलं तर ‘अगं, यादी पूर्ण झालीय’ म्हणायला जागा राहते. निरोप एवढा पुरे: ‘उद्या माझ्यासोबत एक मैत्रीण आली तर चालेल का? यादी पूर्ण झाली असेल तर अजिबात अडचण नाही, मी एकटी येते.’ दुसरं वाक्य गाळू नका. त्यामुळेच समोरच्याला खरं उत्तर देता येतं.

उत्तर आलंच नाही तर ते ‘हो’ धरू नका.

एका माणसाने असा काय फरक पडतो?

जेवण कसं वाढलं जाणार आहे, त्यावर ते अवलंबून आहे. जिथे लोक स्वतः वाढून घेतात तिथे केटरर अंदाजापेक्षा थोडं जास्तच करतो. एक-दोन माणसं सहज सामावतात. जिथे टेबलं लावलेली असतात आणि प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी असते, तिथे एक माणूस वाढला की एक खुर्ची, एक ताट, एक चिठ्ठी आणि बहुतेक वेळा पूर्ण टेबलाची मांडणी बदलते. केटररला पक्का आकडा लग्नाच्या काही दिवस आधी दिलेला असतो. त्यानंतर आकडा कमी झाला तरी पैसे सहसा कमी होत नाहीत, वाढला तर मात्र वाढतात. आयत्या वेळच्या पाहुण्याला कधी हसून ‘या की’ म्हणतात आणि कधी उत्तर द्यायला तासभर लावतात, ते यामुळे. म्हणून आपली भर कोणत्या आकड्यात धरली गेली आहे, एवढं नक्की करून मगच निघायचं.

उत्तर किती वेळात द्यावं?

लग्न दोन दिवसांवर असेल तर तासाभरात. ‘बघतो, प्रयत्न करतो’ हे यजमानांसाठी सगळ्यांत वाईट उत्तर आहे, कारण ती जागा त्यांना ना भरता येते ना मोकळी धरता येते. रजा किंवा प्रवासाचं खरंच अडलं असेल तर वेळ बांधून द्या: ‘संध्याकाळी सहापर्यंत नक्की सांगतो.’ सहाला कळलं नाही तर स्वतःच नाही म्हणून टाका.

आणि जायचंच नसेल तर?

नाही म्हणा. एवढ्या कमी वेळात आलेलं आमंत्रण नाकारणं कोणी मनावर घेत नाही. कारणांची माळ लावू नका: ‘बोलावलंत, खूप छान वाटलं. उद्या जमणार नाही. दोघांना माझ्याकडून शुभेच्छा सांगा.’ खोटं कारण तर मुळीच नको. लग्नाच्या दिवशी लोक फोटो टाकत असतात, आणि ‘बाहेरगावी आहे’ म्हणणारा माणूस त्याच दिवशी दुसऱ्याच कोणाच्या फोटोत सापडतो.

हो म्हणताना काय काय विचारून घ्यावं?

सगळं एकाच निरोपात विचारा, सुटं सुटं नको. विधीची वेळ आणि जेवणाची किंवा स्वागत समारंभाची वेळ वेगवेगळी आहे का? नेमका हॉल कोणता? पोशाखाचं काही ठरलंय का, एखादा रंग टाळायचा आहे का? आणि त्या दिवशी अडचण आली तर कोणाला फोन करायचा?

यातला हॉलचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण गोंधळ सर्वाधिक तिथेच होतो. मोठ्या कार्यालयांत एकाच दिवशी दोन-तीन लग्नं असतात. एकाच नावाच्या दोन शाखा असतात. नकाशातली खूण मागच्या दारावर नेऊन सोडते. आयत्या वेळच्या पाहुण्याकडे छापील पत्रिका नसते, तोंडी पत्त्यावर तो निघतो, आणि मजला किंवा हॉलचं नाव विचारायचं राहून जातं.

खाण्यातलं पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर याच निरोपात एका ओळीत सांगा. नुसती आवड-नावड असेल तर सांगू नका.

काही विचारायचं राहिलं तर वधू-वरांना फोन करू का?

नको. लग्नाच्या दिवशी आणि आदल्या संध्याकाळी त्या दोघांचे फोन त्यांच्या हातात नसतात, आणि असले तरी नसावेत. भावंडं, चुलत-मामेभाऊ, जवळचे मित्र किंवा ज्याच्यामुळे तुम्ही जाताय तो माणूस, यांना विचारा.

पत्रिका मोबाइलवर फाइल म्हणून आली आहे. उघडायला हरकत नाही ना?

चित्र, पीडीएफ किंवा व्हिडिओ असेल तर हरकत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं असतील तर मात्र उघडू नका. ती पत्रिका नसते. फोनमध्ये शिरणारं ॲप असतं, आणि लग्नपत्रिकेचं नाव देऊन अशा फायली पाठवायची फसवणूक चांगलीच पसरली आहे. ओळखीच्या क्रमांकावरून आली म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. फोन करून विचारा. आयत्या वेळच्या घाईत माणूस नेमका इथेच फसतो, कारण पत्ता त्या फाइलीतच असेल असं त्याला वाटतं.

मुलांना नेता येईल का?

आमंत्रणात त्यांचा उल्लेख असेल तर. नसेल आणि मुलांना ठेवायची सोय नसेल तर सरळ तसं सांगा, ‘मुलांना ठेवायला कोणी नाही, त्यामुळे जमणार नाही’, आणि थांबा. चालणार असेल तर यजमान स्वतःच ‘घेऊन या’ म्हणतील.

मी ज्यांच्याकडे राहायला आलो आहे ते घरच लग्नाला निघालंय आणि मलाही ओढतायत.

तुम्हाला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. घरी थांबायचं असेल तर लवकर सांगा, म्हणजे किल्ली, जेवण, परतायची वेळ यांचं ठरवता येतं. निघताना दारात सांगितलं तर सगळ्यांचाच खोळंबा. जायचं असेल तर त्यांनी एक फोन करून तुमची भर कळवली आहे का, ते विचारा. प्रवासी बॅगेत समारंभाचे कपडे नसणार, हे सगळ्यांना कळतं. गडद रंगाची स्वच्छ पँट किंवा लांब स्कर्ट, इस्त्री केलेला एकरंगी शर्ट किंवा टॉप आणि पुसलेली पादत्राणं एवढ्यावर निभावतं. वर एखादी ओढणी, शाल किंवा जॅकेट यजमानांकडून मागून घ्या. एका वस्त्राने पूर्ण पोशाखाचा नूर बदलतो.

कपडे आणि पादत्राणं

पोशाखाबद्दल काहीच कळलेलं नाही. काय घालू?

दोन पर्याय समोर असतील तर त्यातला जास्त नेटका निवडा, आणि तो उतरवता येईल असा ठेवा. जॅकेट काढता येतं, दागिना पर्समध्ये जातो, बाह्या दुमडता येतात. उलट दिशेने काहीच करता येत नाही. रंगांचे संकेत घरागणिक बदलतात. एका घरी जो रंग शुभ, तोच दुसरीकडे फक्त वधूचा किंवा शोकाचा. विचारणं शक्य नसेल तर मध्यम गडद निळा, हिरवा किंवा जांभळट रंग सहसा कुठे खुपत नाही. वधूच्या पोशाखाचा रंग कळला असेल तर तो टाळा.

कपाटातला ठेवणीतला पोशाख काढलाय. आधी काय पाहायचं?

आधी इस्त्री नाही. आधी तो खिडकीच्या उजेडात न्या. दिव्याखाली न दिसणारे पिवळट डाग आणि कसरीची भोकं तिथे दिसतात. कॉलर, काखा, हातोपे, खालची मुडप पाहा. चेन दोनदा पूर्ण वर-खाली करा. मग अंगात घालून खुर्चीवर बसा, हात वर करा, खाली वाका. उभं राहून बसणारा पोशाख बसल्यावर फाटतो. शिवण करकरली तर आत्ताच दुसरं काही निवडा. तिथे गेल्यावर पश्चात्तापाशिवाय काही करता येत नाही.

डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर पंख्याखाली, सावलीत, जितके तास मिळतील तितके तास टांगून ठेवा. खिसे आणि अस्तर उलटं करा, वास तिथेच दडलेला असतो. त्यावर अत्तर मारू नका. दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो आणि तो शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचतो.

इस्त्रीचं जरा नीट सांगा.

इस्त्रीवर टिंबं असतात: एक टिंब म्हणजे कमी उष्णता, कृत्रिम धाग्यांसाठी, दोन टिंबं लोकर आणि बहुतेक रेशमासाठी, तीन टिंबं सुती आणि लिननसाठी. कपड्याच्या आतल्या पट्टीवरही हीच खूण असते, आणि दोन्हींत फरक पडला तर पट्टीचं ऐका. सगळे कपडे एकत्र करायचे असतील तर कमी उष्णतेच्या कपड्यापासून सुरुवात करा. इस्त्री तापते पटकन आणि निवते सावकाश. सुती शर्ट करून लगेच पॉलिस्टरवर फिरवली की कापड चिकटून वितळतं.

रेशीम उलट्या बाजूने करा आणि त्यावर पाणी शिंपडू नका, थेंबांचे डाग राहतात. भरतकाम असेल तर खाली जाड टॉवेल घाला, तोंड खाली करा, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. गडद लोकरी सुटावर थेट इस्त्री फिरवली की तिथे चकाकी येते; मध्ये ओलसर सुती फडकं धरा. आणि डाग असलेल्या जागी इस्त्री करू नका, उष्णतेने डाग पक्का होतो.

इस्त्रीच नसेल तर? न्हाणीघराचं दार-खिडकी लावा, गरम पाणी सोडा, पोशाख हँगरवर पाण्यापासून लांब टांगा. पंधरा-वीस मिनिटांत हलक्या सुरकुत्या उतरतात. मग हाताने खालच्या दिशेने ओढून सरळ करा आणि बाहेर आणखी पंधरा मिनिटं वाळू द्या. दमट कपडा तसाच घालून गाडीत बसलात तर पहिल्यापेक्षा वाईट चुण्या पडतात. घडीची कडक रेघ वाफेने जात नाही, त्यात वेळ घालवू नका.

डाग सापडला, वेळ दोन तास. काय होऊ शकतं?

तेलकट डाग ताजा असेल तर त्यावर टाल्कम पावडर दाबून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, झटका, पुन्हा करा. रक्त लागलं असेल तर फक्त थंड पाणी, कारण गरम पाण्याने ते धाग्यात बसतं. शाई असेल तर खाली कोरडं फडकं ठेवून स्पिरिटचा बोळा वरून टिपत जायचं, घासायचं नाही. आधी आतल्या शिवणीजवळ रंग जातो का ते पाहा. काळ्या कपड्यावरचे डिओडरंटचे पांढरे ओरखडे ओल्या फडक्याने आणखी पसरतात, कोरड्या मोज्याने घासले की जातात. हे सगळं धुता येणाऱ्या कापडासाठी. रेशमावर किंवा ‘फक्त ड्रायक्लीन’ लिहिलेल्या कापडावर पाण्याचा प्रयोग केलात तर छोट्या डागाच्या जागी मोठं वर्तुळ मिळेल. तिथे ओढणी, ब्रोच किंवा जॅकेटने झाका.

उसना पोशाख घ्यावा का?

खांद्यात बसत असेल तर घ्या. लांबी आणि कंबर आयत्या वेळी जमवता येते, खांदे आणि छाती नाही. खालची मुडप हातशिलाईने किंवा कापडाच्या दुहेरी चिकटपट्टीने होते. सेफ्टी पिन लावायची तर आतून, शिवणीच्या रेषेत उभी लावा. आडवी पिन चालताना कापड ओढते आणि बाहेरून कळते.

बरेच दिवस न वापरलेले बूट चालतील?

चालतील, पण आधी घालून घरात दहा मिनिटं फिरा. पॉलियुरेथेनचे तळवे हवेतल्या ओलाव्याने आतून ठिसूळ होत जातात. डब्यात न वापरता ठेवलेले बूटही यातून सुटत नाहीत. वरून नवे दिसणारे असे बूट समारंभात पन्नास पावलं चालल्यावर तुकड्यातुकड्याने गळायला लागतात. तळवा अंगठ्याने जोरात दाबा, बूट मधोमध वाकवा. चिरा दिसल्या किंवा हाताला चिकट-भुसभुशीत लागलं तर ते बूट बाद. डिंकाने चिकटवू नका. सांधा नाही, सामानच गेलेलं असतं.

नवे बूट घालणार असाल तर दोन गोष्टी करा. गुळगुळीत तळव्यावर खरखरीत कागद फिरवा, नाहीतर फरशीवर घसराल. आणि टाचेला चिकटपट्टी आधीच लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी फक्त समाधान देते. पादत्राणं काढावी लागतील अशी जागा असेल तर मोजे तपासा. अंगठ्याच्या भोकाइतकं लक्षात राहणारं काही नसतं.

सोबत छोटी पिशवी घ्यायची तर त्यात काय?

चार सेफ्टी पिना, सुई-दोरा, चिकटपट्ट्या, रुमाल दोन, नेहमीची औषधं, पॉवर बँक, थोडे सुटे पैसे, पेन. पेन विसरू नका, पाकिटावर नाव लिहायला ते हमखास लागतं. मुक्कामाचा प्रवास असेल तर लग्नाचा पोशाख आणि बूट हातातल्या बॅगेतच ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तरी लग्न चुकत नाही.

आहेर

वधू-वरांना मी ओळखतच नाही. काय देऊ?

ज्यांच्यासोबत जाताय त्यांच्याबरोबर एकत्र द्या आणि कार्डावर दोघांची नावं घाला. तुमचा वाटा निघण्याआधीच त्यांना देऊन टाका. स्वतंत्र द्यायचं असेल तर पाकीट सर्वांत सोपं. अनोळखी घरासाठी घाईत उचललेली शोभेची वस्तू बहुधा दुसऱ्याच कोणाच्या लग्नात आहेर म्हणून जाते. रक्कम तुमच्या ऐपतीने ठरवा. ‘ताटाच्या खर्चाइतकी तरी हवी’ हा हिशेब पाहुण्याने करायचा नसतो.

यजमानांनी भेटवस्तूंची यादी केली असेल तर तिच्यात उरलेलं एखादं छोटं घ्या आणि त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवा. ‘आहेर नको’ लिहिलं असेल तर खरोखर नको.

पाकिटात नेहमी होणारी चूक कोणती?

नाव फक्त बाहेर लिहिणं. लग्नानंतर पाकिटं फोडताना रिकामी पाकिटं एका ढिगात जातात आणि पैसे दुसऱ्या. आत एक छोटं कार्ड ठेवा: पूर्ण नाव, कोणामार्फत आलात, एक ओळ शुभेच्छा. ‘अमक्याची ऑफिसातली मैत्रीण’ एवढं असलं तरी यजमानांचा अर्धा तास वाचतो. पाकीट चिकटवा. वधू-वरांच्या हातात न देता आहेर घ्यायला बसलेल्या माणसाकडे किंवा पेटीत द्या.

मोबाइलवरून पैसे पाठवायचे असतील तर क्रमांक घरच्या माणसाकडून तोंडी पडताळून घ्या, फिरत आलेल्या निरोपातला वापरू नका. शेऱ्यात नाव आणि ‘लग्नाचा आहेर’ असं लिहा. पावतीचा फोटो त्या दिवशी पाठवण्याची गरज नाही.

आज काहीच घेता आलं नाही. मोकळ्या हाताने जाऊ?

जा. दोन-तीन आठवड्यांत पाठवलं तरी चालतं. तिथे मात्र ‘आहेर राहिला हो’ म्हणत सगळ्यांपुढे खुलासा करत बसू नका.

लग्नाच्या ठिकाणी

निघायची वेळ कशी काढावी?

उलट मोजत या. समजा विधी अकराला आहे. खुर्चीत दहा चाळीसला बसलेलं बरं. गाडी लावणं, हॉल शोधणं, आरशात पाहणं यांना वीस मिनिटं, म्हणजे पोचायचं दहा वीसला. नकाशा पन्नास मिनिटं दाखवत असेल तर सत्तर धरा. नऊ दहाला निघायचं, नऊला तयार असायचं. नकाशा आत्ताची वाहतूक दाखवतो, उद्या सकाळची नाही. अंदाज पाहताना निघायची वेळ त्यात घालून पाहा.

पोचलो तेव्हा विधी सुरू झाला होता. आत कसं शिरू?

दारात थांबा आणि एक-दोन मिनिटं आत काय चाललंय ते पाहा. वधू किंवा वर आत येत असतील तर त्यांच्यामागून किंवा पुढून कधीही शिरू नका, फोटोत कायमचे राहाल. संगीत, टाळ्या किंवा उठाबस सुरू झाली की मागच्या दाराने, भिंतीच्या कडेने जाऊन शेवटच्या रांगेत कडेला बसा. ओळखीचं कोणी पुढून हात करून बोलवत असेल तर मान हलवा आणि जागीच थांबा. पुढच्या दोन-तीन रांगा रिकाम्या दिसल्या तरी त्या घरच्यांच्या असतात.

तिथे गेल्यावर कळलं की हे लग्न दुसऱ्याच कोणाचं आहे!

शांतपणे बाहेर या आणि कार्यालयाच्या माणसाला वधू-वरांची नावं सांगून विचारा. हे टाळायचं तर आत शिरण्याआधी दारावरच्या फलकावरची दोन्ही नावं वाचायची. आहेराचं पाकीट देऊन झाल्यावर लक्षात आलं असेल, तर ते परत मागण्यात काही चूक नाही. नाव आतल्या कार्डावरही असलं की शोधायला सोपं जातं, म्हणून वरचा सल्ला.

मी कोणालाच ओळखत नाही. काय बोलू?

चार नावं घोकून जा: वधू, वर आणि तुम्हाला बोलावणाऱ्या बाजूचे आई-वडील. ‘तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणारच. उत्तर एका वाक्यात तयार ठेवा: ‘मुलाच्या मित्रासोबत आलोय, दोघांनाही आज पहिल्यांदाच भेटतोय.’ ‘मला तर काल रात्री कळलं, आयत्या वेळी कोणीतरी गळालं म्हणून...’ ही हकिगत नको. ऐकणाऱ्याला त्यातून यजमानांची फजितीच ऐकू येते.

एकट्या बसलेल्या वयस्कर माणसाशेजारी बसलात तर बोलायला विषय शोधावा लागत नाही. कोण कोणाचं कोण, याची पूर्ण वंशावळ त्यांच्याकडे असते.

वधू-वरांना भेटताना?

वीस-तीस सेकंद. नाव, कोणासोबत आलात, अभिनंदन. मागे रांग असते. तुम्ही आठवताय का, असं विचारून त्यांना कोड्यात टाकू नका. त्या दिवशी त्यांना सख्ख्या मामाचं नाव आठवत नसतं.

जेवणाचं?

नावाच्या चिठ्ठ्या असतील आणि तुमची नसेल तर स्वतः रिकामी खुर्ची पकडू नका. तिथल्या व्यवस्थापकाला सांगा, घरच्यांना नको. वाढीव खुर्ची लावणं हे त्याचं रोजचं काम आहे. स्वतः वाढून घ्यायचं असेल तर पहिल्या झुंडीत घुसू नका, पण अगदी शेवटीही जाऊ नका. तुमची भर कळवली गेलेली नसेल तर तुटवडा शेवटी जाणाऱ्यालाच दिसतो, आणि रिकामं ताट पाहून ओशाळतात यजमान. मधल्या वेळी जा, पहिल्यांदा थोडंच घ्या.

ॲलर्जी गंभीर असेल तर ‘आधी कळवलंय’ यावर विसंबू नका. वाढणाऱ्याला नाही, स्वयंपाक पाहणाऱ्या माणसाला विचारा. शेजारच्या भांड्यातला डाव या भांड्यात येतो, त्यामुळे लोकांनी हात लावण्याआधी पहिल्यांदा वाढून घेणं अशा माणसासाठी रास्त आहे. आपलं औषध खिशात ठेवा, गाडीत नाही. घरून थोडं खाऊन निघालात तर कशाचीच अडचण होत नाही.

फोटो काढू का? टाकू का?

काढा, खुर्चीत बसून, फ्लॅश बंद करून. फोनचा आवाज आणि थरथर दोन्ही बंद करा. शांत विधीत टेबलावरचा थरथरता फोन वाजल्यासारखाच ऐकू येतो. वधू-वरांनी स्वतःचा पहिला फोटो टाकेपर्यंत तुम्ही काही टाकू नका. फोटोग्राफरने ‘घरचे सगळे या’ म्हटलं की चार पावलं मागे सरा. कोणी आग्रहाने ओढलंच तर कडेला उभे राहा. कडेचा माणूस नंतर कापता येतो. विनोद नाही, अल्बम करणारे खरंच कापतात.

कधी निघावं?

विधी पूर्ण झाल्यावर, जेवून, भेटून. दुसऱ्याच्या गाडीतून आला असाल तर परतीची वेळ येतानाच ठरवा. निघताना वधू-वरांचा शोध घेऊ नका, बोलावणाऱ्याला सांगितलं की झालं.

हो म्हटलं, पण आज सकाळी ताप आला.

जाऊ नका. ठरलेल्या माणसाला लगेच निरोप द्या. लग्नात म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं एकाच हॉलमध्ये तासन्‌तास बसलेली असतात.

महिन्यापूर्वी हो म्हटलं होतं, विसरलो. लग्न आत्ता चालू आहे!

तुमची जागा आणि ताट तिथे आहेच, म्हणून उशिरा का होईना, जेवणाच्या वेळेपर्यंत पोचता येत असेल तर जा. पोचता येत नसेल तर आत्ता फोन नको; दुसऱ्या दिवशी माफीचा साधा निरोप पाठवा आणि आहेर त्या आठवड्यात पोचवा.

नंतर

घरी आल्यावर काही करायचं असतं का?

दोन-तीन दिवसांत आभाराचा छोटा निरोप, ज्याने बोलावलं त्याला आणि ओळख झाली असेल तर वधू-वरांनाही. चांगले फोटो असतील तर निवडक दहा-बारा, मूळ आकारात, थेट त्यांनाच. निरोपांच्या ॲपमधून साधा फोटो पाठवला की तो लहान होतो. फाइल म्हणून पाठवा.

उसना पोशाख परत कधी आणि कसा द्यायचा?

आठवड्याच्या आत, स्वच्छ करून. धुवायचा की ड्रायक्लीनला द्यायचा हे मालकाला विचारूनच ठरवा. डाग पडला असेल तर ड्रायक्लीनरला तो कशाचा आहे ते सांगा. तेल, शाई आणि घाम यांना वेगवेगळी रसायनं लागतात. स्वतः लावलेल्या पिना आणि कच्चे टाके मोजून काढा. दुहेरी चिकटपट्टी लावली असेल तर कपडा धुलाईला देण्याआधी ती सोलून काढा. तशीच राहिली तर तिचा डिंक कापडात उतरतो आणि सहसा निघत नाही.